फरशीखालचे काम : जुन्या घरातील न्हाणीघराच्या नूतनीकरणाचे परीक्षण

कोथरूडमधील आमची सदनिका सत्तरच्या दशकात उभ्या राहिलेल्या एका सहकारी गृहरचना संस्थेत पहिल्या मजल्यावर आहे. इमारत तळमजला धरून तीन मजल्यांची आणि लोडबेअरिंग पद्धतीची, म्हणजे आरसीसी खांबांच्या सांगाड्याऐवजी नऊ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकलेली अशी आहे. त्या काळच्या प्रथेप्रमाणे संडास वेगळा, न्हाणीघर वेगळे, दोहोंच्या मधे साडेचार इंची भिंत, वर सामानाचा माळा, पायाखाली शहाबादी फरशी आणि भिंतीला कमरेपर्यंत सहा इंची पांढऱ्या टाइल अशी सारी मांडणी किरकोळ डागडुजीवर आजवर चालत आली होती. गेल्या वर्षी या दोन्ही जागा मुळापासून उकलून आम्ही नव्याने बांधून घेतल्या. हे काम करणारे दोघे सख्खे भाऊ आहेत. थोरले प्लंबर आणि धाकटे गवंडीकामाचे मिस्त्री. त्यांचे दुकान नाही, पाटी नाही आणि संकेतस्थळही नाही. एका घरचे काम पाहून दुसऱ्या घरचे मिळते, एवढाच त्यांचा व्यवसायविस्तार. त्यांच्याविषयी काही तक्रारीही पुढे लिहायच्या असल्यामुळे नाव देत नाही; मात्र अशा प्रकारच्या छोट्या कंत्राटदाराकडे काम सोपवावे की नाही, या विचारात असलेल्यांना या परीक्षणाचा उपयोग व्हावा.

निवाडा आधीच सांगते. नळजोड, सांडपाण्याची वाट आणि वॉटरप्रूफिंग या तीन बाबतींत या भावांचे काम उत्कृष्ट आहे. टाइलचे काम चांगले आहे. विजेचे काम त्यांनी आणलेल्या माणसाकडून करून घेऊ नये. आणि शेवटचा हात फिरवणे, साफसफाई व वेळ पाळणे या बाबतींत ते यथातथाच आहेत. जुन्या घरासाठी मी हाच क्रम पसंत करीन. नव्या इमारतीत फक्त रंगरूप बदलायचे असेल, तर कदाचित उलटा क्रम असलेला कंत्राटदार अधिक सोयीचा ठरेल.

या भावांकडे येण्यापूर्वी ठरावीक दिवसांत संपूर्ण न्हाणीघर बदलून देण्याची हमी देणाऱ्या काही नूतनीकरण कंपन्यांची अंदाजपत्रके आम्ही मागवली होती. त्यांचे प्रतिनिधी लेझरचे मोजमाप-यंत्र घेऊन आले, टॅबवर त्रिमितीय चित्रे दाखवली आणि बहुतेकांनी जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी टाइल चिकटवण्याचा पर्याय पुढे केला. या पर्यायात धूळ नाही, राडारोडा नाही आणि काम झटपट होते हे खरे आहे. ज्या न्हाणीघराखाली ओल नाही तिथे तो वाईटही नाही. आमच्याकडे मात्र तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला पोपडे धरले होते, एका ठिकाणी गिलावा गळून आतली गंजलेली सळई उघडी पडली होती आणि चतुर्थीचे पाहुणे यायच्या आधी हे काम करा, असे त्यांनी दोन वर्षे समंजसपणे सांगून पाहिले होते. खाली पाणी झिरपत असताना वर टाइलचा आणखी एक थर चढवणे म्हणजे दुखणे झाकून त्यावर वजन वाढवणे होय. थोरल्या भावाने पहिल्या भेटीत चित्रे दाखवली नाहीत; तो आधी खाली जाऊन शेजाऱ्यांचे छत पाहून आला, मग आमच्या न्हाणीत फरशीवर हातोड्याचा दांडा ठोकत फिरला आणि म्हणाला, "ताई, वरची टाइल काय, कुणीही लावून देईल. खाली पाणी कुठं मुरलंय ते आधी बघू." काम त्यांना द्यायचे हे माझ्या मनात तेव्हाच जवळजवळ ठरले.

संडास आणि न्हाणी एकत्र करून एकच मोठे बाथरूम करावे, अशी माझ्या मुलीची इच्छा होती. धाकट्या भावाने त्यास दोन कारणे देऊन विरोध केला. एक तर मधली भिंत पातळ असली तरी माळ्याची फरशी तिच्यावर टेकलेली होती, त्यामुळे ती काढायची तर माळाही काढावा लागला असता. दुसरे कारण व्यवहाराचे होते. एकच संडास असलेल्या घरात सकाळी एकाची आंघोळ चालू असताना दुसऱ्याची अडचण होत नाही, ही सोय जुन्या रचनेतच आहे. हे दुसरे कारण सासूबाईंना इतके पटले की चर्चा तिथेच संपली. मला स्वतःला वाटते, की गेल्या काही दशकांत आपण ही वेगळी रचना सोडून दिली ती सोयीपेक्षा फॅशनपायी; पण तो विषय येथे वाढवत नाही.

आता मुख्य कामाकडे येते. जुन्या इमारतींमध्ये संडास-न्हाणीचा स्लॅब घराच्या इतर स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो. या खोलगट भागाला सगळेच सरसकट ‘संक’ म्हणतात. त्यात न्हाणी ट्रॅप (जमिनीवरच्या जाळीखालचे, सांडपाणी पाइपात सोडणारे भांडे) आणि सांडपाण्याचे पाइप बसवून वर विटांचे तुकडे व चुना-सिमेंट यांचा भराव घालतात आणि त्यावर फरशी बसवतात. फरशीचे सांधे झिजले किंवा ट्रॅपचा जोड सुटला, की पाणी या भरावात उतरते, तिथून बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तिथेच साचते आणि स्लॅबमधून हळूहळू खाली झिरपते. वरची फरशी कोरडी ठणठणीत दिसत असतानाही खालच्या छताला ओल येते ती यामुळेच. त्या ओलीने सळया गंजतात, गंजलेले लोखंड फुगते आणि त्या फुगण्यानेच खालचा काँक्रीटचा पापुद्रा सुटून पडतो.

आमचा संक उकलला तेव्हा वरच्या वीतभर भरावाखालचा सगळा माल चिखलासारखा ओला निघाला. त्यात विटांच्या तुकड्यांबरोबर वाळू, मातीच्या कौलांचे तुकडे आणि बांधकामाच्या वेळचाच कचरा होता. न्हाणी ट्रॅप बिडाचा होता आणि तो जिथे पाइपाला जोडला होता तिथे बोट जाईल एवढी फट पडली होती. हे उकलण्याचे काम या भावांनी कसे केले, ते नोंदवण्यासारखे आहे. भिंतीच्या टाइल काढायला त्यांनी लहान ब्रेकर वापरला, पण संकमध्ये मात्र यंत्र उतरवू दिले नाही. जुन्या स्लॅबला हादरे नकोत म्हणून छिन्नी-हातोड्याने थोडा थोडा भराव मोकळा करून घमेल्याने उपसला. वेळ दुप्पट लागला आणि मजुरीही तेवढीच वाढली, परंतु खालच्या घरात गिलाव्याचा एक कपचासुद्धा पडला नाही.

भराव निघाल्यावर स्लॅब तारेच्या ब्रशने घासून, धुऊन कोरडा होऊ दिला. त्यानंतर भेगा भरल्या, पाइप भिंतीतून आरपार जातात तिथले सांधे न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सांधे भरण्याच्या लगद्याने, बंद केले आणि स्लॅब व भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यांना सिमेंटचा गोलसर वाटा मारला. हा वाटा नसेल तर काटकोनी कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचा थर ताणला जाऊन पहिली चीर तिथेच पडते. मग पॉलिमर-मिश्रित सिमेंटचे दोन हात, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा, असे दिले. हे हात तळापुरते न ठेवता भिंतींवरही चढवले आणि शॉवरच्या बाजूला तर डोक्याच्या वरपर्यंत नेले. थोरल्या भावाने डब्यावरचे पावडर आणि द्रवाचे प्रमाण पाहून मिश्रण केले, अंदाजपंचे पाणी ओतले नाही. ही साधी बाब वाटेल, पण चांगल्या कंपनीचा माल आणूनही त्यात मनाला येईल तेवढे पाणी घालून तो वाया घालवणारे कारागीर मी इतर घरांत पाहिले आहेत.

यानंतरची पाण्याची परीक्षा मी जवळ उभी राहून पाहिली. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा ठोकून बसवला, वरून ओल्या सिमेंटचा लेप दिला आणि संकमध्ये चार बोटे पाणी भरले. पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून तिच्याशेजारी तारीख आणि वेळ लिहिली. पूर्ण दोन दिवस कोणालाही आत जाऊ दिले नाही. उन्हाने थोडे पाणी उडते हे गृहीत धरून त्यांनी त्याच न्हाणीच्या खिडकीत पाण्याने भरलेला एक डबाही ठेवला होता, म्हणजे डब्यातील पाणी जेवढे उतरेल तेवढीच संकमधली उतार रास्त, त्याहून जास्त झाली तर गळती. रोज संध्याकाळी धाकटा भाऊ विजेरी घेऊन खालच्या घरी जाऊन छताला तळहात लावून पाहत असे. रेघ आणि डबा यांचा हिशेब जुळला तेव्हाच पुढचे काम सुरू झाले. भराव घालून झाल्यावर वरच्या थरालाही वॉटरप्रूफिंगचे हात देऊन हीच परीक्षा पुन्हा घेतली. अंदाजपत्रक मागवताना ही परीक्षा किती वेळा आणि किती तासांची, हा प्रश्न जरूर विचारावा; आम्ही विचारला तेव्हा एका प्रतिनिधीला तिचे नावसुद्धा ठाऊक नव्हते.

भरावाच्या बाबतीत त्यांनी केलेला एक बदल मला विशेष वाटला. सुमारे चार बाय सहा फुटांच्या न्हाणीत फूटभर खोलीचा विटांचा ओला भराव एक टनाच्या घरात जातो. पन्नाशीच्या स्लॅबवर हे ओझे पुन्हा टाकण्याऐवजी त्यांनी सिपोरेक्सच्या, म्हणजे सच्छिद्र हलक्या काँक्रीटच्या, ठोकळ्यांचे तुकडे रचून वर पातळ काँक्रीट केले. हे ठोकळे विटेच्या निम्म्याहूनही हलके असतात. ते पाणी शोषतात हा त्यांचा दोष आहे, त्यामुळे वरच्या थराचे वॉटरप्रूफिंग चोख हवे. शिवाय संकच्या अगदी तळाशी, बाहेरच्या भिंतीतून एक बारीक पाइप उघडा ठेवला आहे. पुढेमागे कधी पाणी खाली उतरलेच, तर ते शेजाऱ्यांच्या छतात न मुरता या पाइपातून बाहेर ठिबकेल आणि आपल्याला वेळीच कळेल. आजवर तो कोरडा आहे.

नळजोडाचे काम तितकेच काळजीपूर्वक झाले. भिंतीतले जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप काढले तेव्हा त्यांतील गंजाने अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली दिसली. इतकी वर्षे वरच्या टाकीला दोष देत आलो तो उगाच. नव्याने गरम पाण्यासाठी उष्णता सोसणारे सीपीव्हीसी आणि थंड पाण्यासाठी साधे यूपीव्हीसी असे प्लास्टिकचे पाइप टाकले. पाइप भिंतीत गाडण्यासाठी झिऱ्या मारताना नऊ इंची भिंतीत शक्य तितक्या उभ्याच झिऱ्या घेतल्या, कारण भार वाहणाऱ्या भिंतीत लांबलचक आडवी झिरी मारली तर भिंत तेवढी कमजोर होते. याच कारणाने भिंतीत लपवलेल्या टाकीचा, अधांतरी लटकणारा कमोडही आम्ही घेतला नाही. त्यासाठी भिंत जितकी खोल कापावी लागली असती तितकी कापायला थोरल्या भावाने साफ नकार दिला. सर्व तोंडांना टोपणे लावून हातपंपाने पाइपांत दाब भरला आणि काटा रात्रभर जागचा हलला नाही हे दाखवूनच झिऱ्या बुजवल्या. टाइल लागल्यानंतर गळती सापडणे किती महाग पडते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना या एका रात्रीचे मोल सांगायला नको.

संडासाच्या बाबतीत एक अडचण होती ती बाहेरच्या बिडाच्या उभ्या पाइपाची. तो पाइप सगळ्या मजल्यांचा सामाईक आणि म्हणून संस्थेचा. आमच्या आतल्या पीव्हीसी पाइपाचा जोड त्यालाच द्यायचा होता. भावांनी रबरी रिंग असलेला जोड वापरून तो नीट बसवला, मात्र त्या बिडाच्या पाइपाला इतरत्र तडे आहेत, हेही संस्थेच्या सचिवांना बोलावून दाखवले. गृहरचना संस्थांच्या कारभारासाठी शासनाने घालून दिलेल्या आदर्श उपविधींनुसार सामाईक पाइपांची गळती संस्थेच्या खर्चाची आणि सदनिकेतील संडास-न्हाणीची गळती सभासदाच्या खर्चाची असते. आपल्याकडे या वादात माणसे वर्षानुवर्षे एकमेकांची तोंडे पाहत नाहीत. येथे कंत्राटदारानेच कोणता ओलावा कोठून येतो हे समोरासमोर दाखवल्यामुळे वाद उद्भवला नाही. काम सुरू करण्यापूर्वी व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी मात्र आपणच घ्यावी लागते, ती जबाबदारी हे भाऊ घेत नाहीत.

नळ, शॉवर आणि कमोड यांची खरेदी आम्ही भवानी पेठेतील एका दुकानात केली. दुकानाचा अनुभव संमिश्र आहे. माल अस्सल मिळाला, भावही वाजवी लागला. पण विक्रेता मोठ्या चौकोनी रेन-शॉवरचा आग्रह काही केल्या सोडेना. येथेही थोरल्या भावाचे गणित उपयोगी पडले. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. आमच्या शॉवरपासून टाकीची उंची सात-आठ मीटर भरते, त्यातही पाइपांच्या वळणांत थोडा दाब खर्च होतो. मोठ्या शॉवरला एवढ्याने धड धार सुटत नाही, नुसते पाणी गळाल्यासारखे पडते. वरच्या मजल्यावर तर टाकी अगदी डोक्यावर असल्यामुळे दाब आणखी कमी असतो आणि तिथे पंप बसवल्याखेरीज असली हौस भागत नाही. आम्ही लहान तोंडाचा साधा शॉवर आणि भिंतीवरचा नेहमीचा मिक्सर घेतला. भिंतीबाहेरचा मिक्सर दिसायला जुनाट असला, तरी त्याचा वॉशर कोणताही प्लंबर टाइल न फोडता बदलू शकतो.

सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून भारतीय बैठकीऐवजी नेहमीपेक्षा थोडा उंच कमोड बसवला आणि बाजूला आधाराचा स्टीलचा दांडा लावला. दांडा पातळ भिंतीत बसवायचा असल्याने धाकट्या भावाने टाइल लावण्यापूर्वीच त्या जागी विटा काढून काँक्रीटचा ठोकळा भरून घेतला होता आणि बोल्ट त्यात पकडले. मी स्वतः त्याला लोंबकळून पाहिले. "आजी, आता बिनधास्त धरा, मी धरला तरी निघायचा नाही," असे सांगताना त्याने तो खरोखरच दोन्ही हातांनी हिसडून दाखवला.

टाइलविषयी थोडक्यात लिहिते. भिंतीला एक फूट बाय दोन फुटांच्या फिक्या रंगाच्या सिरॅमिक टाइल आणि जमिनीला एक फुटी खरखरीत, न घसरणाऱ्या टाइल निवडल्या. दोन्ही गुजरातेतील मोरबीच्या आहेत. चकचकीत टाइल न्हाणीच्या जमिनीला लावू नये हे सर्वांना ठाऊक असूनही दुकानात त्याच आधी पुढे केल्या जातात. खोक्यांवर शेडचा क्रमांक छापलेला असतो. सर्व खोकी एकाच क्रमांकाची आहेत ना, हे भावांनी उतरवून घेतानाच तपासले आणि वेगळ्या क्रमांकाची खोकी त्याच टेम्पोने परत पाठवली. टाइल नुसत्या सिमेंटच्या लगद्यावर न बसवता अॅडहेसिव्हवर, खाचा पाडलेल्या थापीने माल पसरून बसवल्या. नंतर प्रत्येक टाइलवर नाण्याने टकटक करून पोकळ आवाज देणाऱ्या टाइल त्यांनी स्वतःहून काढून पुन्हा बसवल्या. उताराची खातरजमा करण्यासाठी चारही कोपऱ्यांत तांब्या ओतून पाहिला. पाणी जाळीकडे गेले, एका कोपऱ्यात थोडे रेंगाळले, तो कोपरा दुरुस्त केला.

आता तक्रारींकडे वळते. पहिली तक्रार उंबऱ्याची आहे. सासूबाईंचे पाऊल अडखळू नये म्हणून न्हाणीच्या दाराशी उंबरा नको, आतली जमीन किंचित खाली ठेवा, असे सुरुवातीलाच सांगितले होते आणि धाकट्या भावाने मान डोलावली होती. प्रत्यक्षात दाराची ग्रॅनाइटची चौकट बसवणाऱ्या कारागिराने सवयीप्रमाणे बोटभर उंच पट्टी बसवून टाकली. ती काढायची तर चौकट हलते, अशी सबब पुढे आली. शेवटी दोन्ही बाजूंनी घासून तिला उतार दिला. निभावते आहे, पण सांगितले होते तसे झाले नाही.

दुसरी तक्रार ग्राउटची. जमिनीच्या आणि शॉवरकडच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट भरण्याचे ठरले होते, ते भरलेही. मात्र भरल्यावर टाइलवरचा चिकट पातळ थर ओला असतानाच पुसायला हवा होता, तो तसाच राहू दिला गेला. वाळल्यावर सगळ्या भिंतीवर धुरकट डाग उमटले. ते काढण्यासाठी माणूस पाठवतो, असे सांगून तो येईपर्यंत बरेच दिवस गेले आणि आला तो अॅसिडची बाटली घेऊन. इपॉक्सीवर अॅसिडचा काही उपयोग होत नाही आणि नळांचा मुलामा मात्र त्याने काळवंडतो, त्यामुळे मी त्याला हात लावू दिला नाही. योग्य तो क्लीनर स्वतः आणून घासून घेतला. ज्या माणसांनी संकमधल्या रेघेशेजारी तारीख लिहिली, त्यांनीच डोळ्यांसमोरची भिंत अशी सोडावी, हे मला अजून नीटसे उमगलेले नाही. बहुधा जिथे पाणी गळू शकते तिथेच त्यांचे लक्ष असते.

तिसरी आणि सर्वांत गंभीर तक्रार विजेची. गिझरचा स्विच त्यांच्या वायरमनने न्हाणीच्या आत, शॉवरचे शिंतोडे पोहोचतील अशा भिंतीवर काढला होता. शिवाय जुन्या घरातील अर्थिंग धड आहे की नाही, हे त्याने तपासलेच नव्हते. दोन किलोवॅटचा गिझर नऊ अँपियरच्या आसपास वीज ओढतो. त्याला स्वतंत्र वायर, सोळा अँपियरचा पॉइंट, चालू अर्थिंग आणि मुख्य पेटीत ३० मिलिअँपियरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. हे सगळे आम्ही दुसऱ्या परवानाधारक वायरमनकडून, तपकीर गल्लीतून सामान आणून, पुन्हा करून घेतले आणि स्विच दाराबाहेर काढला. हा खर्च भावांनी हिशेबातून वजा केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. परंतु प्लंबरने आणलेला वायरमन नको, हा माझा सल्ला कायम आहे.

मुदतीचे म्हणाल, तर बोली होती त्यापेक्षा काम बरेच लांबले. यातील काही वेळ छिन्नीने भराव काढण्यात आणि पाण्याच्या परीक्षांत गेला, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र मधे थोरला भाऊ दुसऱ्या कामावर गेला, फोन उचलेना आणि घरात धुळीचे पडदे लावून आम्ही त्याची वाट पाहत बसलो, असेही झाले. त्यांनी आधी संडास पुरा करून मगच न्हाणीला हात लावला, त्यामुळे संडास बंद असेपर्यंतचे दिवस तेवढे नणंदेकडे काढावे लागले, पुढे घरीच भागले. राडारोडा उचलण्याचे पैसे अंदाजपत्रकात होते, तरी पोती जिन्याखाली पडून राहिली आणि संस्थेची नोटीस येण्याच्या बेतात असताना टेम्पो आला.

खर्च दोन्ही जागा मिळून तीन लाखांच्या थोडा आत झाला. त्यात निम्म्याहून अधिक वाटा साहित्याचा, जे आम्हीच खरेदी केले. मजुरीचे अंदाजपत्रक कलमवार, हाताने लिहिलेले होते आणि संकचा भराव किती खोल निघेल हे उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून त्या कलमापुढे घनफुटाचा दर लिहून जागा कोरी सोडली होती. हा प्रामाणिकपणा मला भावला. त्यांची जीएसटी नोंदणी नसल्याने मजुरीवर १८ टक्के वाचले, पण त्याच कारणाने पक्के बिल नाही आणि हमीही तोंडीच आहे. नूतनीकरण कंपन्या दहा वर्षांची छापील हमी देतात. तिच्या अटी मात्र वाचून पाहाव्यात, कारण मी वाचलेल्या एका हमीत ‘मूळ स्लॅबमधील दोषांमुळे होणारी गळती’ वगळलेली होती आणि जुन्या घरात गळती होते ती बहुतेक तिथूनच. तोंडी हमीच्या जोरावर हे भाऊ यंदाच्या पावसाळ्यात न बोलावता येऊन शेजाऱ्यांचे छत पाहून गेले. सळयांचा गंज काढून, गंजरोधक लावून आणि पॉलिमर मॉर्टरने बुजवून दिलेले ते छत कोरडे आहे. शेजाऱ्यांनी त्यावर नुकताच रंग दिला.

काम द्यायचे असेल तर दोन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : शेवटच्या साफसफाईपर्यंत मजुरीचा दहावा हिस्सा हातात राखणे आणि उंबरा, स्विच, दांडा यांच्या जागा भिंतीवर खडूने आखून दोघांनी मान्य करणे. बाहेरच्या पाइपांसाठी परांची बांधावी लागत असेल, तर पावसाळ्याच्या बऱ्याच आधी त्यांना गाठावे, कारण मे महिन्यात त्यांचे टाइल बसवणारे कारागीर राजस्थानात गावी गेलेले असतात आणि जून उजाडला की दोघेही भाऊ फक्त गच्च्यांच्या गळतीमागे धावत असतात.